कैद्यांचे भवितव्य कोष्टकात मांडणारा समाजशास्त्रज्ञ

तुरुंगातून मुदतीपूर्वी सुटणारा कैदी बाहेर जाऊन पुन्हा गुन्ह्याच्या वाटेला लागेल की सरळ मार्गाने जगेल, याचा अंदाज बांधण्याचे काम न्यायाधीश, तुरुंगाधिकारी आणि तुरुंगातले पाद्री वर्षानुवर्षे आपापल्या अनुभवाच्या बळावर करीत आले होते. हेच काम आकड्यांच्या एका साध्या कोष्टकाकडे सोपविता येईल, असे १९२८ साली शिकागो विद्यापीठातील एका प्राध्यापकाने दाखवून दिले. अर्नेस्ट वॉटसन बर्जेस हे त्यांचे नाव. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना बर्जेस माहीत असतात ते शहराच्या वर्तुळाकार वाढीच्या सिद्धान्तामुळे. भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांतली ती एकात एक बसणारी पाच वर्तुळे त्यांचीच. मात्र अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेवर त्यांनी उमटविलेला ठसा अधिक खोल आहे आणि अधिक वादग्रस्तही.

बर्जेस यांचा जन्म १६ मे १८८६ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या टिल्बरी या लहानशा गावी झाला. वडील धर्मोपदेशक. कुटुंब पुढे अमेरिकेत आले आणि अर्नेस्ट यांचे महाविद्यालयीन शिक्षण ओक्लाहोमातील किंगफिशर कॉलेजात झाले. १९०८ साली पदवी घेऊन ते शिकागोला गेले. तेथे समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता. अमेरिकेतही तेव्हा ही अपूर्वाईचीच गोष्ट होती. १९१३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. टोलेडो, कॅन्सस आणि ओहायो येथे थोडाथोडा काळ अध्यापन करून १९१६ साली ते शिकागो विद्यापीठात परतले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

तेथे त्यांना रॉबर्ट पार्क यांच्यासारखा सहकारी लाभला. पार्क मूळचे वार्ताहर. शहर पायी तुडवीत, लोकांशी बोलत माहिती गोळा करायची, ही त्यांची रीत. मोठ्या आवाजात वाद घालणारे, विसरभोळे पार्क आणि शांत, टापटिपीचे, वयाने बरेच लहान असलेले बर्जेस अशी ही जोडी काही काळ एकाच खोलीत बसून काम करी. दोघांनी मिळून १९२१ साली लिहिलेल्या समाजशास्त्राच्या जाडजूड पाठ्यपुस्तकावर अमेरिकेतील विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी वाढली. पार्क कल्पना मांडत, बर्जेस त्या तपासण्याची व्यवस्था लावीत, असे या भागीदारीचे वर्णन केले तर फारसे चुकणार नाही. बर्जेस यांचे विद्यार्थी शिकागोचे नकाशे घेऊन बसत आणि त्यांवर टिंबे देत. बालगुन्हेगार कुठे राहतात, नृत्यगृहे कुठे आहेत, घटस्फोट कुठल्या वस्तीत अधिक होतात, हे सारे टिंबांनी दिसू लागले. मध्यवर्ती व्यापारी भागाला लागून असलेल्या, सतत माणसे बदलणाऱ्या पट्ट्यात टिंबांची दाटी होई आणि बाहेर जावे तशी ती विरळ होई. वस्तीत राहायला येणारे लोक बदलले, जर्मन गेले आणि पोलिश आले, तरी टिंबे तिथेच राहत. गुन्ह्याचे मूळ रक्तात शोधणाऱ्या त्या काळात ही फार मोलाची गोष्ट होती. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हाच धागा धरून बालगुन्हेगारीचा अभ्यास केला.

आता तुरुंगाकडे वळू. येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात पॅरोल म्हटले की आई आजारी आहे, मुलीचे लग्न आहे, अशा कारणासाठी कैद्याला काही दिवसांची मिळणारी अभिवचन रजा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील पॅरोल निराळा. तेथे न्यायाधीश किमान आणि कमाल अशी सैलसर शिक्षा देई, उदाहरणार्थ एक ते दहा वर्षे, आणि कैद्याला नेमके केव्हा सोडायचे हे पॅरोल मंडळ ठरवी. सुटलेला माणूस उरलेली मुदत देखरेखीखाली बाहेर काढी. अट मोडली तर पुन्हा आत. इलिनॉय राज्यात अशा अनिश्चित मुदतीच्या शिक्षेचा कायदा १८९९ पासून होता. म्हणजे शिक्षा सुनावण्याचा अर्धा अधिकार प्रत्यक्षात न्यायालयाबाहेर, मंडळाच्या टेबलावर गेला होता.

१९२० च्या दशकातील शिकागो म्हणजे दारूबंदी, टोळीयुद्धे आणि अल कपोन यांचे शिकागो. पॅरोल मंडळ वशिल्याने आणि पैशाने कैदी सोडते, सुटलेले गुंड लगेच पुन्हा लूटमार करतात, असा ओरडा वृत्तपत्रे करीत होती. पॅरोलच बंद करा, अशी मागणी जोर धरू लागली. तेव्हा मंडळाचे प्रमुख हिंटन क्लॅबॉ यांनी राज्यातील तीन विद्यापीठांना या पद्धतीची निःपक्षपाती चौकशी करण्याची विनंती केली. नॉर्थवेस्टर्नचे अँड्र्यू ब्रूस आणि इलिनॉय विद्यापीठाचे अल्बर्ट हार्नो हे दोन कायदेपंडित आणि शिकागोतर्फे बर्जेस, अशी समिती बसली. बर्जेस यांचे शिष्य जॉन लँडेस्को हेही कामाला जुंपले गेले. १९२८ साली अहवाल प्रसिद्ध झाला. पॅरोल ठेवावा, पण तो सुधारावा, असा समितीचा एकूण कल होता. अहवालातले बर्जेस यांचे प्रकरण मात्र स्वतंत्र इतिहास घडविणारे ठरले.

बर्जेस यांनी पाँटिअ‍ॅक, मेनार्ड आणि जोलिएट या तीन तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या प्रत्येकी एक हजार, म्हणजे एकंदर तीन हजार माणसांची कागदपत्रे काढली. प्रत्येकाच्या बाबतीत एकवीस गोष्टी नोंदविल्या. गुन्हा कोणता, साथीदार किती, वडील कोणत्या देशाचे वा वंशाचे, आईबाप एकत्र होते का, लग्न झाले आहे का, पूर्वीचा गुन्हा आहे का, कामधंदा नियमित होता का, वस्ती कोणती, गाव केवढे, तुरुंगात किती काळ काढला, तेथे शिक्षा झाली का, सुटताना वय काय, बुद्धिमापनाचा निकाल काय, मनोविकारतज्ज्ञाचे मत काय, न्यायाधीशाने दयेची शिफारस केली होती की विरोध. यातच 'सामाजिक प्रकार' असा एक रकाना होता. त्यात भटक्या फिरस्ता, निरुद्योगी, दारुडा, टोळीबाज, नवखा स्थलांतरित, शेतावरचा पोरगा अशी लेबले होती. आज ती वाचताना गंमतही वाटते आणि अस्वस्थही व्हायला होते.

यानंतरचे गणित शाळकरी मुलालाही जमावे असे. समजा, जोलिएटमधून सुटलेल्यांपैकी सरासरी २८.४ टक्के लोकांनी पॅरोलच्या अटी मोडल्या. आता नियमित नोकरी असलेल्यांचा गट वेगळा काढायचा. त्यांच्यात हे प्रमाण सरासरीहून कमी निघाले तर नियमित नोकरी ही अनुकूल गोष्ट. ती ज्याच्यापाशी आहे त्याला एक गुण. असे एकवीस गोष्टींचे जास्तीत जास्त एकवीस गुण. कुठल्याही गोष्टीला दुसरीपेक्षा अधिक वजन नाही. पूर्वीच्या गुन्ह्याला जेवढा मान, तेवढाच गावाच्या आकाराला. मग गुणांप्रमाणे गट पाडले. सोळा ते एकवीस गुण मिळालेल्यांत अटी मोडणारे निघाले अवघे १.५ टक्के, अकरा गुणवाल्यांत २२.७ टक्के, पाच-सहा गुणवाल्यांत ६७.१ टक्के आणि दोन ते चार गुणवाल्यांत ७६ टक्के. मंडळातले अनुभवी सदस्य कैद्याशी काही मिनिटे बोलून जे ठरवीत, ते या कोष्टकाने माणसाचे तोंडही न पाहता सांगितले होते.

काही निष्कर्ष लोकांच्या समजुतीच्या अगदी उलट होते. खून वा मनुष्यवधासाठी आत गेलेले बाहेर आल्यावर घरफोड्या आणि खोट्या सह्या करणाऱ्यांपेक्षा बरेच सरळ वागत. खेड्यातून आलेला, पहिल्यांदाच सापडलेला तरुण सहसा परत येत नसे. फिरस्ते आणि निरुद्योगी मात्र मोठ्या प्रमाणात परत येत. तुरुंगात अधिक काळ डांबून ठेवलेल्यांत अटी मोडण्याचे प्रमाण अधिक दिसे. हे तुरुंगाचे फळ की मुळातच कठीण माणसे अधिक काळ ठेवली जात म्हणून, याचे उत्तर कोष्टकात नव्हते.

बर्जेस यांना दाखला सुचला तो विमा कंपनीचा. एखादा पॉलिसीधारक कधी मरेल हे कंपनीला ठाऊक नसते, पण त्याच्या वयाच्या हजारांतले किती जण वर्षभरात जातील हे तिला नेमके ठाऊक असते आणि तेवढ्यावर तिचा धंदा चालतो. पॅरोल मंडळानेही असेच करावे, असे त्यांचे म्हणणे. त्यामागचा हेतू कैद्याला अडकवून ठेवण्याचा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. सरसकट सगळे सुटलेले कैदी धोकादायक आहेत, या ओरडीला हे कोष्टक उत्तर होते. फार मोठ्या संख्येने माणसे निर्धोकपणे सोडता येतात, हे त्याने दाखविले. निर्णय मंडळानेच घ्यावा, कोष्टक हाताशी ठेवावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

त्रुटी मात्र पहिल्या दिवसापासून होत्या. ज्या तीन हजार माणसांवरून कोष्टक रचले, त्यांच्यावरच त्याचा खरेपणा दाखविला होता. नव्या माणसांवर ते उतरते का, हे पाहणे बाकी होते. क्लार्क टिबिट्स यांनी इलिनॉयमध्ये आणि जॉर्ज व्होल्ड यांनी मिनेसोटात १९३१ साली ते पाहिले आणि पद्धत बऱ्यापैकी टिकली. दुसरी त्रुटी अधिक गंभीर. पॅरोलचा भंग म्हणजे नवा गुन्हाच असे नव्हे. न कळवता पत्ता बदलला, कामावर गेला नाही, तरी भंग. शिवाय नोंद होते ती पकडल्या गेलेल्या भंगाची. ज्या वस्तीवर पोलिसांची नजर अधिक, तेथील माणूस अधिक पकडला जाणार आणि पुढच्या कोष्टकात त्याच वस्तीचा गुण कापला जाणार. वस्त्यांचे नकाशे काढण्यात हयात घालविणाऱ्या बर्जेस यांना हे जाणवले नसेल असे म्हणवत नाही. तरीही वस्ती आणि वडिलांचे मूळ हे दोन्ही रकाने त्यांनी ठेवले. जी गुन्हेगारी वस्तीची आहे असे त्यांनी टिंबांनी दाखविले होते, तिचा भार कोष्टकात त्या वस्तीतल्या एकेका माणसाच्या डोक्यावर आला. त्यांच्या कार्यातली ही विसंगती कुणाही चरित्रकाराला चुकविता येणार नाही.

१९३३ साली इलिनॉय राज्याने आपल्या तुरुंगांत समाजशास्त्रज्ञ-विमागणिती असे विचित्र नावाचे पदच निर्माण केले. हे अधिकारी प्रत्येक कैद्याची माहिती भरून त्याच्या यशापयशाची टक्केवारी मंडळापुढे ठेवीत. जोलिएटला हे काम फेरिस लॉन यांच्याकडे आले. त्यांना मदतनीस मिळाला तोही नामांकित. १९२४ साली केवळ थरारासाठी चौदा वर्षांच्या मुलाचा खून करणाऱ्या दोन धनाढ्य विद्यार्थ्यांपैकी एक, नेथन लिओपोल्ड. शिकागो विद्यापीठाचाच हा अत्यंत बुद्धिमान पदवीधर जन्मठेप अधिक नव्व्याण्णव वर्षांची शिक्षा भोगीत होता. कैदी कोण सुधारेल हे दुसऱ्या कैद्याइतके कुणाला कळत नाही, ही कल्पना धरून लॉन यांनी कैद्यांचे परस्परांविषयीचे अंदाज अभ्यासले. लिओपोल्डने पॅरोलच्या भाकितावर टोपणनावाने एक निबंधही एका विद्वज्जनांच्या नियतकालिकात छापून आणला. खुद्द त्याला पॅरोल मिळायला १९५८ साल उजाडावे लागले.

बर्जेस यांना निव्वळ आकडेबाज ठरविणे अन्यायाचे होईल. शिकागोत त्या काळी संख्याशास्त्र की व्यक्तिवृत्त, असा कडाक्याचा वाद होता. एका बाजूला कोष्टके, दुसऱ्या बाजूला एकेका माणसाची सविस्तर कहाणी. बर्जेस दोन्हींकडे उभे राहिले. एका बालगुन्हेगाराने स्वतःच सांगितलेली आपली जीवनकथा शॉ यांनी १९३० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यावरील विवेचन बर्जेस यांनीच लिहिले. १९३० च्या दशकात शॉ यांनी शिकागोच्या गरीब वस्त्यांत तेथीलच रहिवाशांच्या हाती मुलांना सावरण्याचे काम सोपविणारा प्रकल्प उभारला, त्यालाही बर्जेस यांचा पाठिंबा होता. कोष्टक सांगते ते अटळ असते असे मानणारा माणूस या भानगडीत पडला नसता.

भाकिताचा नाद मात्र त्यांना जडला तो कायमचा. तुरुंगानंतर त्यांनी लग्नाकडे मोर्चा वळविला. लेनर्ड कॉट्रेल यांच्यासह इलिनॉयमधील ५२६ जोडप्यांची माहिती घेऊन कोणता विवाह टिकेल आणि कोणता मोडेल, याचे गुणपत्रक त्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केले. पुढे पॉल वॉलिन यांच्यासह वाङ्निश्चय झालेल्या एक हजार जोडप्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्याचे पुस्तक १९५३ साली आले. बर्जेस स्वतः जन्मभर अविवाहित होते. वडील आणि बहीण रोबर्टा यांच्यासमवेत ते राहत. वैवाहिक सुखाचे सूत्र शोधणाऱ्या ब्रह्मचारी प्राध्यापकाची विद्यार्थ्यांत थट्टा होत नसेल तरच नवल.

मानसन्मान त्यांना भरपूर मिळाले. १९३४ साली ते अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्ष झाले, तिच्या क्षेत्रातील प्रमुख नियतकालिकाचे संपादन त्यांनी १९३६ ते १९४० या काळात केले. सामाजिक प्रश्नांना अधिक थेट भिडावे म्हणून १९५० च्या दशकारंभी स्थापन झालेल्या संस्थेचे तेच पहिले अध्यक्ष होते. कोष्टकाची कीर्ती वेगळ्याच दिशेने पसरली. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ साली तज्ज्ञाचा अंदाज आणि आकड्यांचा अंदाज यांची तुलना करणारे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात आधार म्हणून घेतलेल्या अभ्यासांत बर्जेस यांचा पॅरोलचा अभ्यास होता. सर्वांना सारखे वजन देणारी भोळी बेरीज किचकट सूत्रांच्या तोडीस तोड उतरते, हे पुढे अनेकांनी दाखविले. लॉइड ओलिन यांनी १९५१ साली एकवीस रकान्यांचे बारा केले.

तरीही कित्येक वर्षे इलिनॉय सोडले तर फारशा कुणी हे साधन तुरुंगात प्रत्यक्ष वापरले नाही. अनुभवी सदस्यांना आपला अंदाज आकड्याच्या हाती देणे रुचत नव्हते. वारे फिरले १९७० च्या दशकात, जेव्हा अमेरिकेच्या केंद्रीय पॅरोल आयोगाने गुणपद्धती स्वीकारली. गंमत अशी की, त्याच दशकाच्या अखेरीस, १९७८ साली, खुद्द इलिनॉयने मंडळाच्या मर्जीवरील पॅरोलची पद्धतच मोडीत काढून ठरावीक मुदतीची शिक्षा आणली. कोष्टकाचे जन्मगावच त्याला पारखे झाले. कोष्टक मात्र तुरुंगाच्या मागच्या दारावरून न्यायालयाच्या पुढच्या दारात आले. व्हर्जिनिया राज्याने २००२ पासून काही गुन्ह्यांत शिक्षा ठरवितानाच धोक्याचे गुण न्यायाधीशापुढे ठेवण्यास राज्यभर सुरुवात केली. म्हणजे पूर्वी कुणाला लवकर सोडायचे हे सांगणारे गणित आता कुणाला आत पाठवायचे हेही सांगू लागले.

खासगी कंपन्यांची संगणकीय साधनेही आली. त्यांपैकी कॉम्पास नावाचे एक साधन बरेच गाजले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ साली प्रश्न आला की, ज्या सूत्राचा तपशील कंपनी व्यापारी गुपित म्हणून उघड करीत नाही, त्याच्या आधारे माणसाला शिक्षा देणे न्याय्य आहे काय? न्यायालयाने वापराला परवानगी दिली, पण तो निर्णायक आधार असू नये आणि त्याच्या मर्यादांची लेखी सूचना न्यायाधीशाला द्यावी, अशी अट घातली. त्याच वर्षी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील एका परगण्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही, अशांपैकी कृष्णवर्णीयांना धोकादायक ठरविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. कंपनीने प्रतिवाद केला की, सारखे गुण असलेले काळे आणि गोरे सारख्याच प्रमाणात पुन्हा गुन्हा करतात, मग पक्षपात कसला? यावर संशोधकांनी जे सिद्ध केले ते दोन्ही पक्षांना अडचणीचे होते. दोन गटांत अटकेचे मूळ प्रमाणच वेगळे असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर या दोन्ही अर्थांनी एकाच वेळी न्याय करणे गणितालाच शक्य नाही. कोणता न्याय निवडायचा, हे माणसालाच ठरवावे लागते.

या साधनांत वंशाचा रकाना आता नसतो. पूर्वीचा गुन्हा, नोकरी, वय, पत्त्याची स्थिरता हे रकाने मात्र आहेत. बर्जेस यांची यादी शेजारी ठेवली तर ओळख पटायला वेळ लागत नाही. एक फरक मोठा आहे. बर्जेस यांचे कोष्टक अहवालात छापलेले होते. जोलिएटचा कैदी ते वाचू शकत होता, आपले गुण स्वतः मोजू शकत होता आणि लिओपोल्डसारखा कुणी त्यातल्या चुकाही काढू शकत होता. कमी गुण मिळालेल्या चोवीस टक्क्यांपैकी, म्हणजे कोष्टकाला खोटे पाडणाऱ्यांपैकी, आपण एक आहोत असे सांगण्याची जागा त्याला उरली होती.

१९५१ साली निवृत्त झाल्यावरही बर्जेस यांनी काम थांबविले नाही. तोवर त्यांना तिसऱ्याच विषयाने झपाटले होते, तो म्हणजे म्हातारपण. वृद्धांचे आयुष्याशी किती जुळते आहे हे मोजण्याची प्रश्नावली त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केली होती आणि त्यावरचे पुस्तक १९४९ साली आले होते. निवृत्तीनंतर माणसाला काय उरते, हा प्रश्न ते विचारीत राहिले. बर्जेस यांचे निधन शिकागोमध्ये २७ डिसेंबर १९६६ रोजी झाले. वय ऐंशी. त्यांची कागदपत्रे शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. पॅरोलच्या अभ्यासाचे आणि विवाहाच्या पाहण्यांचे कागद तेथे एकाच संग्रहात आहेत.